शितावरून भाताची परीक्षा इथे का चालत नाही : जठराच्या लिम्फोमाचे ऊतिनिदान

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६१ वर्षांच्या वडिलांना ६ महिन्यांपासून थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते आणि वजन ७ किलोंनी उतरले आहे. दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या मधल्या भागात जाड झालेल्या वळ्या आणि एक उथळ, पसरट व्रण दिसला. तिथून ४ तुकडे काढून तपासायला पाठवले. रिपोर्टात जे लिहून आले त्याचा मराठीत अर्थ असा: लिम्फॉइड पेशींचा दाट संचय दिसतो, लिम्फोमाची (म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाची) शक्यता नाकारता येत नाही, आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली विशिष्ट प्रथिने रंगाने ओळखण्याची) तपासणी आणि पुन्हा बायोप्सी करावी. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत असे की ज्या लॅबला ठाम सांगता येत नाही ती लॅबच बदलावी. आपण विचारले आहे की पहिल्याच तुकड्यांवरून निदान का झाले नाही, आयएचसीने नेमके काय कळणार, आणि भूक लागावी म्हणून एका परिचित डॉक्टरांनी सुचवलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या तोवर सुरू कराव्यात का.

गेली २६ वर्षे मी हिस्टोपॅथॉलॉजीचे, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांवरून रोग ओळखण्याचे काम करते आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते लांबणीवर टाकण्यासारखे नाही. पुन्हा बायोप्सी होऊन पुरेशी ऊती हाती येईपर्यंत स्टेरॉइड सुरू करू नये. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडपुढे फार लवकर मान टाकतात. काही दिवसांतच सूज उतरते, रुग्णाला जेवण जाऊ लागते, घरच्यांना हायसे वाटते. आणि त्यानंतर काढलेल्या तुकड्यात मेलेल्या पेशी आणि त्यांचा केरकचरा उचलणाऱ्या मॅक्रोफेज पेशी एवढेच उरते. असा तुकडा माझ्या टेबलावर आला की इथे काहीतरी होते एवढे सांगता येते, काय होते ते सांगता येत नाही. रोग मात्र गेलेला नसतो. तो काही आठवड्यांनी परततो, आणि तोवर निदानाची सोपी संधी हातची गेलेली असते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ‘शक्यता नाकारता येत नाही’ ही ओळ वाचून पॅथॉलॉजिस्टने अंग काढून घेतले असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि काही रिपोर्टांच्या बाबतीत ते खरेही असते, हे मी आमच्याच व्यवसायाबद्दल कबूल करते. परंतु जठराच्या बाबतीत ही ओळ बहुतेक वेळा प्रामाणिक असते, आणि त्याचे कारण जठराच्या रचनेतच आहे. टॉन्सिलमध्ये किंवा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात लिम्फॉइड ऊती मुळातच असते; निरोगी जठराच्या अस्तरात ती जवळजवळ नसते. तिथे ती येते ती बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या मागोमाग. जिवाणूशी लढण्यासाठी लिम्फोसाइट पेशी गोळा होतात, त्यांचे गोल पुंजके तयार होतात, आणि याला आम्ही दीर्घकालीन जठरदाह म्हणतो. हा आजार आपल्या देशात इतका सर्रास आढळतो की दिवसाकाठी येणाऱ्या जठराच्या बायोप्सींपैकी बऱ्याच तुकड्यांत असे पुंजके दिसतात. वर्षानुवर्षे चाललेल्या या लढाईत एखाद्या बी लिम्फोसाइट पेशीच्या जनुकांत बदल होतो आणि ती आपल्याच प्रती काढत सुटते. तिथून पुढे जे वाढते तो लिम्फोमा. म्हणजे ज्या गर्दीतून हा रोग उपजतो, त्याच गर्दीत तो सुरुवातीला लपलेला असतो, आणि त्याच्या पेशी दिसायलाही आजूबाजूच्या साध्या पेशींसारख्याच असतात.

हे आज सोपे वाटते, पण कळायला बराच काळ गेला. जठरातील अशा लिम्फोमांचे पुष्कळसे तुकडे पूर्वी ‘सुडोलिम्फोमा’, म्हणजे लिम्फोमासारखे दिसणारे पण लिम्फोमा नसलेले, या नावाखाली टाकले जात. पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट या ब्रिटिश पॅथॉलॉजिस्टांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की श्लेष्मल अस्तराशी निगडित लिम्फॉइड ऊतीतून उद्भवणारा हा लिम्फोमाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याला आज आम्ही माल्ट लिम्फोमा म्हणतो. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल जठरातील जिवाणूंच्या मागे लागले होते. वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट होते आणि १९७९ मध्ये त्यांनी साध्या बायोप्सीच्या स्लाइडवर ते वाकडे जिवाणू प्रथम पाहिले, याचा आम्हा मंडळींना थोडा अभिमान आहे. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे संवर्धनाच्या थाळ्या नेहमीपेक्षा जास्त दिवस इन्क्युबेटरमध्ये राहिल्या, आणि तेव्हा कुठे ते जिवाणू वाढले. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. या दोन धाग्यांची गाठ अँड्र्यू वॉदरस्पून आणि आयझॅकसन यांच्या गटाने बांधली: १९९१ मध्ये त्यांनी जठराच्या माल्ट लिम्फोमाच्या ११० रुग्णांपैकी १०१ जणांच्या तुकड्यांत हेलिकोबॅक्टर दाखवला, आणि १९९३ मध्ये ६ रुग्णांना केवळ जिवाणू मारणारी औषधे देऊन त्यांपैकी ५ जणांत लिम्फोमा ओसरल्याचे नोंदवले. प्रतिजैविकांनी मागे हटणारा कर्करोग ही त्या काळी ऐकणाऱ्याचा विश्वास बसू नये अशीच गोष्ट होती. म्हणूनच या रोगात निदान नुसते ‘लिम्फोमा’ असे करून भागत नाही. कोणता लिम्फोमा, जिवाणूसह की जिवाणूविना, आणि त्यात मोठ्या पेशींचा भाग आहे का, यावर सगळे उपचार फिरतात.

पहिल्या ४ तुकड्यांवरून हे का ठरले नाही, ते पाहू. दुर्बिणीतून आत जाणाऱ्या चिमट्याच्या तोंडात येतो तो तुकडा २ ते ३ मिलिमीटरचा, तांदळाच्या कणीएवढा असतो. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकाच वाफेवर शिजलेला असतो म्हणून. जठराच्या लिम्फोमात मात्र एका ठिकाणी साधा जठरदाह, दोन सेंटिमीटरवर माल्ट लिम्फोमा आणि त्याच्या खाली मोठ्या पेशींचा आक्रमक लिम्फोमा असे सगळे एकाच जठरात असू शकते. शिवाय लिम्फोमा पुष्कळदा अस्तराच्या खालच्या थरात पसरलेला असतो आणि चिमटा वरवरचेच खरवडून आणतो. व्रणाच्या ऐन तळातून घेतलेल्या तुकड्यात निव्वळ मृत ऊती आणि पू येतो. यासाठी दुसऱ्या वेळी व्रणाच्या कडांमधून, जाड वळ्यांमधून, आणि दिसायला निरोगी असलेल्या भागांतूनही मिळून १० किंवा त्याहून अधिक तुकडे घ्यावेत, जठराचा वरचा, मधला व खालचा भाग आणि ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, यांचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवावेत, आणि जाड वळी असेल तिथे एकदा तुकडा घेतलेल्या जागीच पुन्हा चिमटा लावून खोलवरचा तुकडा काढावा, अशी विनंती आम्ही गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टना करतो. त्यांना वेळ लागतो, थोडे रक्तही येते, पण त्याला पर्याय नाही.

तुकडा निघाल्यानंतरची पहिली दहा मिनिटे तितकीच मोलाची असतात, आणि तिकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. तो लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे, आणि द्रव तुकड्याच्या किमान दहापट तरी हवा. एकदा माझ्याकडे दूरच्या गावाहून ५ सुंदर तुकडे आले ते सलाइनच्या बाटलीत. दुपारी काढलेले, दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचलेले. पेशी फुगून, विरघळून त्यांच्या केंद्रकांच्या कडाही उरल्या नव्हत्या. दुसरा शत्रू चिमट्याचा दाब. लिम्फॉइड पेशी इतक्या नाजूक असतात की चिमटा जरा ओढला गेला की त्या काजळाच्या रेघेसारख्या फरफटतात, आणि त्या निळ्याकाळ्या रेघांतून लिम्फोसाइट, कर्करोगाची लहान पेशी आणि न्यूरोएंडोक्राइन पेशी यांत फरक करणे अशक्य होते. आपल्या वडिलांच्या रिपोर्टात ‘क्रश आर्टिफॅक्ट’, म्हणजे दाबाने पेशी चिरडल्याची नोंद, हे शब्द आहेत का ते पाहा. असतील तर अर्धे उत्तर तिथेच आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते ते सांगते, म्हणजे अडचण कुठे येते ते स्पष्ट होईल. ३ ते ४ मायक्रॉन जाडीचा काप हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांत रंगवलेला असतो. केंद्रके निळीजांभळी, बाकी सारे गुलाबी. कमी वर्धनावर आधी ग्रंथी पाहायच्या. जठराच्या ग्रंथी एरवी एकमेकींना खेटून उभ्या असतात. लिम्फोमात त्या पांगलेल्या असतात, काही ठिकाणी नाहीशाच झालेल्या, आणि मधल्या जागेत जांभळ्या पेशींचा सलग थर पसरलेला दिसतो. साध्या जठरदाहात या पेशी मिश्र असतात: प्लाझ्मा पेशी, न्यूट्रोफिल, टी लिम्फोसाइट, आणि अधूनमधून स्पष्ट कडांचा गोल पुंजका. लिम्फोमात पुंजक्याभोवतीच्या पेशी त्याची कड ओलांडून बाहेर सांडतात आणि एकसारख्या दिसू लागतात: साध्या लिम्फोसाइटपेक्षा किंचित मोठ्या, केंद्रक थोडे दुमडलेले, भोवती फिकट पेशीद्रवाची कडा. वर्धन वाढवून मग एकेक ग्रंथी तपासायची. ग्रंथीच्या भिंतीत अशा ३ किंवा अधिक पेशी शिरलेल्या असतील आणि त्यामुळे भिंत वेडीवाकडी झाली असेल, ग्रंथीच्या पेशी फुगून गडद गुलाबी पडल्या असतील, तर त्याला आम्ही लिम्फोएपिथेलियल लीजन म्हणतो. माल्ट लिम्फोमाची ही सर्वांत प्रसिद्ध खूण आहे. पण जोरदार जठरदाहातही एखाददुसरी ग्रंथी अशी सापडते, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबता येत नाही. अनेक ग्रंथी, त्याही स्पष्ट मोडकळीला आलेल्या, आणि भोवती त्याच पेशींचा सलग थर, असे सगळे जुळले की हात थरथरत नाही. प्लाझ्मा पेशींच्या केंद्रकात गुलाबी गोळी, जिला डचर बॉडी म्हणतात, दिसली तर पारडे लिम्फोमाकडे आणखी झुकते.

वॉदरस्पून यांनी याच चढत्या पायऱ्यांना ० ते ५ असे गुण दिले. ० म्हणजे निरोगी, १ म्हणजे जठरदाह, २ म्हणजे पुंजक्यांसह जठरदाह, ३ म्हणजे संशयास्पद पण बहुधा साधा, ४ म्हणजे संशयास्पद आणि बहुधा लिम्फोमा, ५ म्हणजे माल्ट लिम्फोमा. ही मोजपट्टी आज सगळे वापरतातच असे नाही, आणि ३ व ४ यांत दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचे एकमत होईलच याची खात्री कोणी देऊ नये. आपल्या वडिलांचा रिपोर्ट याच दोन पायऱ्यांच्या मधला आहे. तिथून पुढे नेण्याचे काम आयएचसीचे.

माझी स्वतःची चूक इथे सांगितली पाहिजे. सुमारे १५ वर्षांपूर्वी एका पंचेचाळिशीतल्या बाईंचे २ तुकडे मी ‘पुंजक्यांसह जठरदाह, हेलिकोबॅक्टर आढळला’ असे लिहून मोकळी झाले. चौदा महिन्यांनी त्यांना मोठा व्रण झाला आणि तेव्हा लिम्फोमा स्पष्टच होता. जुनी स्लाइड कपाटातून काढून पुन्हा पाहिली, तर दुसऱ्या तुकड्याच्या कडेला, जिथे काप किंचित दुमडला होता, तिथे दोन ग्रंथी होत्या, दोन्हींच्या भिंतीत चार-पाच पेशी शिरलेल्या. पुंजके आणि जिवाणू दोन्ही सापडल्यावर माझी नजर तिथपर्यंत गेलीच नव्हती. जुन्या ब्लॉकवर, म्हणजे तुकडा ज्या मेणात ओतून जपतात त्या ठोकळ्यावर, सीडी २० हा बी पेशी दाखवणारा मार्कर लावल्यावर ग्रंथींमधला सगळा थर तपकिरी झाला. तेव्हापासून कमी वर्धनावर ग्रंथी पांगलेल्या दिसल्या की जिवाणू सापडो वा न सापडो, मी सीडी २० आणि टी पेशी दाखवणारा सीडी ३ लावल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही.

आता आयएचसी. पेशींच्या पृष्ठभागावर किंवा आत विशिष्ट प्रथिने असतात. त्यांतल्या एकेका प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड कापावर सोडायचे आणि ते जिथे चिकटले तिथे तपकिरी रंग उमटवायचा, अशी ही पद्धत आहे. प्रत्येक प्रतिपिंडासाठी वेगळा काप लागतो, म्हणून तिचा खर्च वाढतो आणि तुकडाही झिजतो. काही लॅबमध्ये आधी ब्लॉकचे बारा-पंधरा काप साध्या रंगासाठी घालवतात आणि मग आयएचसीच्या वेळी ब्लॉकमध्ये नुसते मेण उरते. लिम्फोमाची शंका असेल तर पहिल्याच वेळी काही कोरे काप आवरण दिलेल्या स्लाइडवर राखून ठेवणे हा तंत्रज्ञाचा शहाणपणा आहे, आणि चांगला तंत्रज्ञ तो न सांगता दाखवतो.

पहिला प्रश्न असतो या पेशी लिम्फॉइडच आहेत का. तो विचारण्याचे कारण असे की मोठ्या पेशींचा बी लिम्फोमा आणि अविभेदित कार्सिनोमा, म्हणजे जठराचा नेहमीचा कर्करोग, हे दोन्ही सुट्या, मोठ्या, कुरूप पेशींचे लोट दाखवतात. सायटोकेरॅटिन हा मार्कर कार्सिनोमाच्या पेशींना रंगवतो, सीडी ४५ आणि सीडी २० लिम्फोमाच्या. एका वृद्ध गृहस्थांच्या स्लाइड दुसऱ्या मतासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे जठर काढण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली होती. आधीच्या रिपोर्टात कार्सिनोमा लिहिलेला होता. सायटोकेरॅटिन फक्त उरल्यासुरल्या ग्रंथींना लागले, मोठ्या पेशी कोऱ्या राहिल्या, आणि सीडी २० ने त्या पेशी कडेने उठून दिसल्या. शस्त्रक्रिया टळली, कारण या लिम्फोमावर आज रिटुक्सिमॅब या सीडी २० ला चिकटणाऱ्या औषधासह केमोथेरपी हा मुख्य उपचार आहे आणि जठर काढण्याची वेळ रक्तस्राव किंवा छिद्र पडल्यासारख्या प्रसंगीच येते. उलट दिशेची चूकही होते: लिम्फोसाइटच्या दाट गर्दीत विखुरलेल्या सिग्नेट रिंग कार्सिनोमाच्या पेशी सुटून जातात, आणि एपस्टाइन-बार विषाणूशी निगडित जठराच्या कर्करोगात तर लिम्फोसाइट इतके असतात की लिम्फोमाच वाटावा. म्हणून लिम्फोमाची कितीही खात्री असली तरी सायटोकेरॅटिनचा एक काप मी वगळत नाही.

दुसरा प्रश्न बी पेशींचा की टी पेशींचा. सीडी २० बी पेशी दाखवतो, सीडी ३ टी पेशी. यात आकडेमोडीपेक्षा मांडणी महत्त्वाची. साध्या जठरदाहात बी पेशी पुंजक्यांतच असतात आणि ग्रंथींमधल्या जागेत मुख्यतः टी व प्लाझ्मा पेशी. ग्रंथींमधला थर बी पेशींचा निघाला की लिम्फोमाचा संशय बळावतो. माल्ट लिम्फोमात टी पेशीही पुष्कळ असतात, कारण हेलिकोबॅक्टरला ओळखणाऱ्या टी पेशींच्या मदतीवरच या बी पेशी सुरुवातीला जगतात. जिवाणू मेला की ती मदत तुटते, आणि प्रतिजैविकांचा गुण येतो तो याचमुळे. प्लाझ्मा पेशी दिसत असतील तर कॅपा आणि लॅम्डा या दोन साखळ्यांचे मार्कर लावतात: साध्या दाहात दोन्ही मिसळलेल्या असतात, एकाच पेशीची पिलावळ असेल तर जवळजवळ सगळ्या एकाच साखळीच्या निघतात.

तिसरा प्रश्न बी पेशींचा कोणता लिम्फोमा. माल्ट लिम्फोमाला स्वतःची अशी ठोस खूण नाही. तो बराचसा इतरांना वगळून ठरतो. सायक्लिन डी १ असेल तर मॅन्टल सेल लिम्फोमा, जो दिसायला तितकाच गरीब पण वागणुकीने वेगळा आणि प्रतिजैविकांना दाद न देणारा. सीडी १० आणि बीसीएल ६ असेल तर फॉलिक्युलर लिम्फोमाकडे पाहावे लागते. सीडी २१ किंवा सीडी २३ ने जुन्या पुंजक्यांची जाळी दिसते, आणि त्या जाळीत लिम्फोमाच्या पेशींनी घुसखोरी केली आहे का ते कळते. केआय ६७ हा पेशी किती वेगाने विभागत आहेत ते सांगतो: माल्ट लिम्फोमात तो सहसा २० टक्क्यांच्या खाली राहतो, मोठ्या पेशींच्या लिम्फोमात बराच वर जातो, आणि बर्किट लिम्फोमात जवळजवळ प्रत्येक पेशी रंगते.

मोठ्या पेशींचे सलग लोट दिसले तर निदान डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा असेच लिहायचे आणि शेजारी माल्ट लिम्फोमा आहे की नाही ते वेगळे नोंदवायचे. ‘हाय ग्रेड माल्ट लिम्फोमा’ हा जुना शब्द अजून काही रिपोर्टांत येतो. तो वापरू नये, कारण वाचणारा डॉक्टर माल्ट हा शब्द पाहून नुसत्या प्रतिजैविकांवर थांबण्याचा धोका असतो. आपल्याकडच्या रुग्णालयांत जठराचे जे लिम्फोमा येतात त्यांत हा मोठ्या पेशींचा प्रकार जास्त असतो, बहुधा रुग्ण उशिरा येतात म्हणूनही. या प्रकारात सीडी १०, बीसीएल ६ आणि एमयूएम १ या तीन मार्करांवरून हान्स यांच्या २००४ च्या पद्धतीने उपप्रकार ठरवतात, आणि एमवायसी व बीसीएल २ या जनुकांची फिश तपासणी (चमकत्या खुणा लावून जनुकांची जागा बदलली आहे का ते पाहणारी) करतात, कारण दोन्हींत पुनर्रचना असेल तर रोग अधिक आक्रमक मानून उपचार आखतात.

माल्ट लिम्फोमात फिशचा उपयोग वेगळा आहे. ११ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत आढळते, आणि अशा रुग्णांचा लिम्फोमा प्रतिजैविकांनी सहसा ओसरत नाही. ते आधी कळले तर रुग्णाला आणि डॉक्टरला पुढची तयारी ठेवता येते. पीसीआरने होणाऱ्या क्लोनॅलिटी तपासणीबद्दल मात्र सावध करते. सगळ्या बी पेशी एकाच पेशीच्या वंशातल्या आहेत का हे ती सांगते. परंतु साध्या जठरदाहातही ती कधी सकारात्मक येते, आणि लिम्फोमा ओसरल्यावरही काही रुग्णांत दीर्घकाळ तशीच राहते. स्लाइडवर काही नसताना केवळ पीसीआरच्या कागदावरून लिम्फोमा म्हणू नये.

हेलिकोबॅक्टरचा शोध त्याच स्लाइडवर घेतला जातो, जिम्सा रंगाने किंवा आयएचसीने. वडील पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल घेत असतील, आणि ६ महिने पोटाची तक्रार असलेला माणूस ते घेत नसेल असे फारच क्वचित घडते, तर जिवाणूंची संख्या घटते, ते जठराच्या खालच्या भागातून वर सरकतात आणि तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते. सर्वसाधारणपणे अशी गोळी २ आठवडे आणि प्रतिजैविके ४ आठवडे बंद असताना केलेली जिवाणूची तपासणी विश्वासार्ह धरतात. व्रणातून रक्त येण्याचा धोका असेल तर गोळी परस्पर बंद करू नये. तुमच्या गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टना विचारावे आणि गोळी चालू असल्याचे बायोप्सीच्या फॉर्मवर लिहायला सांगावे. तेवढी एक ओळ आम्हाला फार उपयोगी पडते, आणि ती दहातल्या आठ फॉर्मांवर नसते.

समजा माल्ट लिम्फोमाच निघाला, जिवाणूही सापडला, रोग जठरापुरताच असल्याचे सीटी स्कॅन आणि एंडोसोनोग्राफीत (दुर्बिणीतून आतून केलेल्या सोनोग्राफीत) दिसले आणि प्रतिजैविकांचा कोर्स झाला. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत लिम्फोमा ओसरतो, पण तो ओसरायला वेळ लागतो. पहिली तपासणीची बायोप्सी साधारण ३ ते ६ महिन्यांनी घेतात, आणि तीत काही पेशी शिल्लक दिसल्या म्हणून घाबरून केमोथेरपीकडे धावू नये. कित्येक रुग्णांत पूर्ण ओसरायला १२ ते २४ महिने लागतात. ओसरणाऱ्या लिम्फोमाची स्लाइड ओळखू येते: जिथून ग्रंथी नाहीशा झाल्या होत्या तिथे फिकट, रिकामी जागा दिसते आणि तळाशी लिम्फोसाइटचे लहान ठिपके उरलेले असतात. फ्रेंच संशोधकांनी २००३ मध्ये यासाठी चार शब्दप्रयोग ठरवून दिले: पूर्ण ओसरलेला, बहुधा किंचित शिल्लक, शिल्लक पण ओसरत असलेला, आणि जसाच्या तसा. पुढच्या रिपोर्टात यांपैकी एक शब्द असावा अशी अपेक्षा ठेवा, आणि दर वेळी आधीच्या स्लाइड शेजारी ठेवून तुलना झाली आहे का ते विचारा. मोठ्या पेशींचा प्रकार निघाला आणि रिटुक्सिमॅब द्यायचे ठरले, तर त्याआधी हिपॅटायटिस बी ची रक्त तपासणी झालीच पाहिजे, कारण या औषधाने दबलेला विषाणू उसळू शकतो. आणखी एक बारीक गोष्ट: रिटुक्सिमॅबनंतर बी पेशींवरचा सीडी २० नाहीसा होऊ शकतो, म्हणून नंतरच्या बायोप्सीत सीडी ७९ए किंवा पॅक्स ५ लावावा लागतो, नाहीतर उरलेला रोग दिसत नाही.

लॅब बदलण्याविषयी. दुसरे मत घेणे योग्यच आहे आणि पहिल्या पॅथॉलॉजिस्टला त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. लिम्फोमाच्या बाबतीत मी स्वतःच रुग्णांना तसे सुचवते. परंतु दुसरे मत नव्या कागदावर मिळत नाही, त्याच ऊतीवर मिळते. त्यामुळे परळच्या टाटा मेमोरियलला किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात जाताना केवळ रिपोर्टची झेरॉक्स नेऊ नका. पहिल्या लॅबमधून मूळ स्लाइड आणि पॅराफिनचे ब्लॉक दोन्ही लेखी अर्ज करून मागून घ्या, त्यावरचे क्रमांक रिपोर्टवरील क्रमांकाशी तिथेच ताडून पाहा, एंडोस्कोपीचा रिपोर्ट आणि रंगीत छायाचित्रे सोबत ठेवा, आणि ब्लॉक दिल्याची पोच घ्या. नव्या बायोप्सीचे तुकडे आणि जुने ब्लॉक एकाच पॅथॉलॉजिस्टने एकत्र पाहिले तर सर्वांत उत्तम. ब्लॉक पॅराफिन मेणाचे असतात आणि ते मेण साधारण ५६ ते ६० अंशांवर वितळते. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली ठेवलेले दोन ब्लॉक माझ्यापर्यंत पोहोचले तेव्हा मेण पसरून तुकडा तिरपा झाला होता आणि आम्हाला तो पुन्हा नव्याने ओतावा लागला. ते कागदात गुंडाळून, लहान डबीत, सावलीत आणि स्वतःच्या हातातल्या पिशवीतून न्यावेत.